अडवलेल्या पाण्यावर

भूगोलाच्या तासाला भीमेच्या उपनद्या फळ्यावर काढीत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, होडी हौसेनं चालवतात का हो कुणी?" वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. सोलापूरच्या मुलाने हा प्रश्न विचारावा यात त्याचा काय दोष? आमच्याकडे पाणी म्हणजे नळाची पाळी आणि दारात मांडलेल्या घागरी. त्यावर हौस कसली करायची?

होडी म्हटली की आम्हाला आठवते ती पंढरपूरची. लहानपणी आजीबरोबर चंद्रभागेत पहिल्यांदा नावेत बसलो, तेव्हा आजीने नावेची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. कोळी नावाडी हसून म्हणाला, "आजी, तुम्ही नावंला धरू नका. नावंनंच तुमास्नी धरलंय." त्याची होडी पोटासाठी होती, आमची पुण्यासाठी. हौसेचा तेथे प्रश्नच नव्हता.

वल्हे मराठी हाताला नवे नव्हे. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातील गलबतांना चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला की हीच गलबते मोठ्या गुराबांना ओढून नेत. पण ती गोष्ट कोकणची. घाटावरच्या नद्या पावसाळ्यात अंगावर येतात आणि फाल्गुन लागताच त्यांचे खडक उघडे पडतात. खेळ म्हणून वल्हवायचे तर बारमाही, संथ, खोल पाणी हवे. म्हणजे ते कोणी तरी अडवून ठेवायला हवे.

पुण्यात ते अडवले गेले १८५० साली. सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून मुळा-मुठेवर बंधारा झाला. त्या बंधाऱ्यामुळेच शेजारच्या बागेला बंडगार्डन हे नाव पडले. लोकांसाठी अडवलेल्या या पाण्यावर पहिली हौस फेडली ती गोऱ्या साहेबांनी. कलकत्त्यात १८५८ साली आणि मद्रासेत १८६७ साली त्यांचे नौका-क्लब निघाले होते. १८६८ साली पुण्यातही निघाला. पुढे त्याला ड्यूक ऑफ कॅनॉटचे नाव मिळाले. राणी व्हिक्टोरियाचा हा मुलगा १८८६ ते १८९० या काळात मुंबई फौजेचा सरसेनापती होता. नदी आपली, बंधारा पारशी दात्याचा आणि वल्ही साहेबांच्या हाती, असा तो जमाना.

१९२८ साली चित्र पालटू लागले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा बोट क्लब सुरू झाला. संगमाजवळच्या त्या काठावर नगर, सातारा, सोलापूर अशा गावांहून आलेली मुले वल्हे धरायला शिकली. दर वर्षी मार्चच्या सुमारास तेथे 'रेगाटा' भरतो. पाण्यावर कयाकांचे नाचासारखे फेर होतात, पंट नावांच्या आकृत्या मांडल्या जातात, अंधार पडल्यावर मशाली फिरतात. पुणेकर घरची मंडळी घेऊन काठावर बसतात. जत्राच म्हणा ना! फक्त देव नाही, नदी आहे.

पण या गोष्टीतला खरा नायक कॉलेजातून आला नाही. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात तळेगाव रोही नावाचे गाव आहे. मुलूख आमच्यासारखाच कोरडा. तेथील दत्तू भोकनळ विहिरी खणणाऱ्या बापाचा मुलगा. बापाबरोबर त्यानेही विहिरी खणल्या. पाणी त्याला ठाऊक होते ते खडकाखाली दडलेले. बाप गेल्यावर घरचा भार अंगावर आला आणि २०१२ साली तो सैन्यात भरती झाला. तेथे त्याच्या हाती वल्हे आले. पुण्यात दापोडीच्या लष्करी केंद्रात त्याची तयारी झाली.

शर्यतीची एकट्याची नाव म्हणजे हातभर रुंद, चौदा किलो वजनाची सळई. बैठक पुढेमागे सरकते आणि सारा जोर पायांतून येतो. जरा तोल गेला की माणूस पाण्यात. खडक फोडलेल्या त्या पायांनी ही विद्या चारच वर्षांत आत्मसात केली. २०१६ साली आई अपघातानंतर बेशुद्ध पडून असताना दत्तू रिओच्या ऑलिंपिकला गेला. नौकानयनात भारताचा तो एकटाच होता. २००० मीटरच्या त्या शर्यतीत जगात त्याचा क्रमांक तेरावा आला. त्यानंतर काही काळातच आई गेली. २०१८ साली पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत आजारपणाने त्याची एकट्याची शर्यत हातची गेली. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग या तिघा सोबत्यांसह त्याने चौघांच्या नौकेत सुवर्णपदक मिळवले.

हे सारे वर्गात सांगितले, तेव्हा पोरे गप्प झाली. मागच्या बाकावरून पुन्हा आवाज आला, "मग आपल्याकडं का नाही?"

आपल्याकडे पाणी नाही, असे आता म्हणता येत नाही. १९८० साली उजनीचे धरण पूर्ण झाले. त्यात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. पुण्यात ज्या मुळा-मुठेवर वल्ही पडतात, ती पुढे भीमेला मिळते. तेच पाणी उजनीत साठते, पंढरपुरात चंद्रभागा होते आणि सोलापूरच्या नळालाही येते. म्हणजे पुण्याची घाणही आमच्याकडेच येते. संगमावर जलपर्णी दाटली की आधी वल्हे अडते. पुढे आमचा घोट अडतो. नदीवर रोज उतरणारा माणूस तिची नाडी अगोदर ओळखतो, म्हणूनही नदीवर हौशी माणसे हवीत.

दुसरे कारण अधिक जिव्हारी लागणारे आहे. मे २०२४ मध्ये उजनीच्या जलाशयात कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटली आणि सहा जीव गेले. धरणाने काठ तोडले, म्हणून लोकांना बोटीने जावेच लागते. या माणसांना पाणी हौसेचे नाही, पण पाण्याची शिस्त हवीच आहे. आधी पोहणे, मग वल्हे. अंगात जीवरक्षक जाकीट असल्याशिवाय नाव सोडायची नाही आणि आभाळ काळवंडले की काठ गाठायचा. हे संस्कार क्लबातली पोरे खेळता खेळता शिकतात, आणि तीच पुढे गावाला शिकवतात.

तास संपल्याची घंटा झाली. त्या मुलाला मी एवढेच म्हणालो, "बाळ, आधी पोहायला शीक."

"शिकलोय की गुरुजी, विहिरीत," तो म्हणाला.

दत्तूची सुरुवातही विहिरीतच झाली होती.