सरपणाचे पैसे

जपानमधल्या जुन्या वळणाच्या मुक्कामघरांत, म्हणजे र्‍योकानमध्ये भाडं खोलीवर नाही, डोईवर लागतं. एक मुक्काम आणि दोन जेवणं, असा तिथला शिरस्ता. संध्याकाळी गरम झऱ्याच्या कुंडात डुंबायचं, युकाता हा सुती झगा अंगावर घ्यायचा आणि चटईवर बसायचं. मग लहानलहान वाडग्यांतून एकामागून एक पदार्थ येत राहतात. पर्यटकांच्या माहितीपत्रकात या सगळ्याला मिळून ‘हजार वर्षांची परंपरा’ म्हणतात. मुक्कामापुरतं ते खोटं नाही. यामानाशीतलं केइउन्कान 705 सालचं आणि इशिकावातलं होशी 718 सालचं सांगितलं जातं. जेवण मात्र त्या परंपरेत बरंच उशिरा शिरलं. तोवर जपानी वाटसरू शतकानुशतकं आपला भात आपणच रांधत होता.

आठव्या शतकात नारा राजधानी झाली तेव्हा कर वस्तूंच्या रूपात भरावा लागे आणि तो राजधानीपर्यंत पोचवायची जबाबदारीही शेतकऱ्याचीच असे. कापड, धान्य पाठीवर घेऊन तो कित्येक दिवस चाले. वाटखर्च पदरचा. जाताना शिधा पुरे, परतताना संपे आणि माणसं रस्त्याच्या कडेला उपाशी मरत. ग्योकी या बौद्ध भिक्षूने अशांसाठी निवारे उभारले. मुक्कामाच्या जागांची जपानी वंशावळ सांगायची तर ती इथून सुरू करावी लागते, कुंडापासून आणि युकातापासून नव्हे.

ज्याच्याकडे शिधा असे त्याची शिदोरी म्हणजे शिजवून वाळवलेला भात. गरम पाण्यात भिजवला की खाण्याजोगा होई. दहाव्या शतकातल्या ‘इसे मोनोगातारी’त एक प्रसंग आहे. क्योटोपासून दूर निघालेली मंडळी मिकावा प्रांतातल्या यात्सुहाशीला, फुललेल्या आयरिसच्या काठी जेवायला बसतात. घरच्या आठवणीची कविता ऐकून त्यांना रडू कोसळतं आणि त्या आसवांनी वाळका भात फुगून येतो. प्रसंग करुण की मिश्कील, यावर अभ्यासकांनी खुशाल वाद घालावा. प्रवासात खायचं काय आणि कसं, हे मात्र त्यात लख्ख दिसतं.

पुढे पैसे घेऊन जागा देणारी घरं निघाली तेव्हाही प्रवासी तांदूळ स्वतःचाच आणी. घरमालक छप्पर देई, चूल देई आणि पैसे घेई ते जळणाचे. या घरांना ‘किचिन-यादो’ म्हणत. आपल्याकडच्या क्षेत्राच्या धर्मशाळेत तीन दगडांची चूल मांडून पिठलं-भात रटरटवणाऱ्या यात्रेकरूला हा व्यवहार समजावून सांगावा लागला नसता. जपानमध्ये तो अजून पुरता संपलेलाही नाही. इवाते प्रांतातल्या हानामाकीजवळच्या ओसावा ओन्सेनमध्ये औषधी पाण्यासाठी आठवडा-आठवडा राहणाऱ्यांचा वेगळा भाग आहे. तिथे सामायिक स्वयंपाकघर आहे आणि शेगडीच्या यंत्रात नाणं टाकलं की ठरावीक वेळ गॅस मिळतो. सरपणाचे पैसे म्हणतात ते हेच!

चित्र पालटलं ते तोकुगावा शोगुनांच्या रस्त्यांनी. 1601 मध्ये तोकुगावा इएयासूने एदो (आजचं तोक्यो) ते क्योटो या तोकाइदो मार्गावर टप्पे नेमायला सुरुवात केली. पुढे त्यांची संख्या त्रेपन्न झाली. अंतर पाचशे किलोमीटरच्या आतबाहेर, चालत साधारण दोन आठवडे. 1635 मध्ये प्रत्येक सरदाराने ठरावीक काळ एदोत हजेरी लावायची, असा नियम पक्का झाला आणि शेकडो माणसांचे लवाजमे या रस्त्यावरून ये-जा करू लागले.

सरदाराचा मुक्काम ‘होन्जिन’मध्ये. फाटक, उंचावरची बैठक, सगळा थाट. पण जेवण? ते सरदाराचा स्वयंपाकी सोबत आणलेल्या सामानातून करी. भांडीकुंडी आणि आंघोळीचं पिंपसुद्धा कधीकधी लवाजम्यातच असे. होन्जिनच्या मालकाला ठरलेलं भाडं नसे, सरदार खुशीने देईल ती भेट घ्यायची. पुढे पुढे सरदारच कंगाल झाले, तशी ही मानाची घरंही कर्जात बुडाली. एकूण रस्त्यावरचा सर्वांत मोठा माणूस आणि सर्वांत गरीब माणूस, दोघेही आपला शिधा घेऊनच फिरत होते. दुसऱ्याच्या हातचं आयतं जेवण मधल्यांनी सुरू केलं. व्यापारी, कारागीर, इसेच्या देवळाला निघालेले यात्रेकरू यांच्यासाठी ‘हातागो’ निघाल्या. भात, सूप, भाजी, जमलं तर मासा, वर अंथरूण. ‘एक मुक्काम, दोन जेवणं’ ही रीत यांची.

चित्रकार हिरोशिगेने 1833-34 च्या सुमारास या टप्प्यांची चित्रं काढली. त्यातलं गोयूचं पाहावं. तिन्हीसांज झाली आहे, रस्त्यावर धट्ट्याकट्ट्या बायका गिऱ्हाइकांवर तुटून पडल्या आहेत. एकीने वाटसरूच्या गळ्यातल्या बोचक्याला असा हिसडा दिलाय की त्याचा गळा आवळलाय. शेजारी दुसरा निमूट पायताण सोडतो आहे आणि म्हातारी त्याचे पाय धुवायला पाणी आणते आहे. गोयू ते पुढचा टप्पा आकासाका हे अंतर दोन किलोमीटरही नाही. त्यामुळे इथे निसटलेलं गिऱ्हाईक अर्ध्या तासात समोरच्याच्या दारात. ओढाताण होणारच. या बायका नावाला भात वाढणाऱ्या, प्रत्यक्षात बऱ्याच जणी देहविक्रयात ढकललेल्या, कर्जापायी घरच्यांनी विकलेल्या मुली. सरकारने 1718 मध्ये हातागोमागे दोघींपेक्षा जास्त नकोत असं फर्मान काढलं, म्हणजे व्यवहार मान्यच केला. हे जेवण वाढणारे हात कोणाचे होते, ते माहितीपत्रकात येत नाही.

साध्यासुध्या प्रवाशाला याचा जाच होई. म्हणून 1804 मध्ये ओसाकात ‘नानिवा-को’ नावाची मंडळी निघाली. जुगार नाही, बायका नाहीत, अशी हमी देणाऱ्या हातागोंची यादी त्यांनी केली आणि त्यांच्या दारावर संघाची पाटी लावली. आजच्या रेटिंगवाल्यांनी या ओसाकाकरांना एकदा नमस्कार करायला हरकत नाही.

मग 1889 मध्ये तोक्यो ते कोबे रेल्वे पूर्ण झाली. दोन आठवड्यांची चाल एका दिवसात आटोपू लागली. वाटेत थांबायची गरजच संपली, तेव्हा ज्यांना टिकायचं होतं त्यांना लोकांनी मुद्दाम यावं असं काहीतरी हवं होतं. गरम झरे होतेच, त्यांच्या जोडीला जेवण चढत गेलं. पोटाला आधार म्हणून आलेला भात-मासा आता त्या खोऱ्यातली रानभाजी, त्या किनाऱ्याचा खेकडा अशा मिरवणुकीत बदलला. माझ्या मते आज आपण र्‍योकानचं जेवण म्हणून ज्याचे फोटो पाहतो ते समुराईंपेक्षा आगगाडीचं अपत्य जास्त आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर कंपन्यांच्या सहली आल्या. आतामीसारख्या गावांत शंभर-शंभर माणसांच्या पंगती बसू लागल्या. 1980 च्या आसपास देशात ऐंशी हजारांवर र्‍योकान होती. नव्वदीच्या सुरुवातीला अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला, सहली आटल्या आणि आता ती संख्या निम्म्याच्याही खाली आहे. जिने चढून खोलीत ताटं नेणाऱ्या बायका मिळत नाहीत, आचारी मिळत नाहीत. परदेशी पाहुणा तीन रात्री राहतो आणि तिन्ही रात्री तेच दहा-बारा वाडगे त्याला नको असतात. शाकाहारी मराठी पाहुण्याची आणखी वेगळी तऱ्हा, कारण सुक्या माशाचं पाणी तिथल्या साध्या सुपातही असतं. त्याने कोयासानच्या मठांत मुक्काम करावा, तिथलं जेवण निव्वळ शाकाहारी.

2018 मध्ये कायद्याने हॉटेल आणि र्‍योकान हा परवान्यातला भेद काढून टाकला. जेवण वेगळं काढा, खोलीचा दर वेगळा लावा, असा सल्ला सरकारचं पर्यटन खातंही मालकांना देतं. क्योटोसारख्या शहरात ते सोपं आहे, चार पावलांवर खानावळ सापडते. पण डोंगरातल्या झऱ्याच्या गावात पाहुण्यांना जेवायला बाहेर पाठवायचं तर बाहेर काहीतरी उघडं हवं. तिथे अंधार पडल्यावर चूल पेटलेली असते ती बहुधा त्याच र्‍योकानची.