तळटीप १७ : ‘नवी टाकली तरी सीमेक जुनीच जोडतं’

१७. सीमेक : सी आणि सी++ मधल्या प्रकल्पांच्या बांधणीची तयारी करून देणारे साधन. बिल हॉफमन व किटवेअर कंपनीतल्या सहकाऱ्यांनी ते २०००च्या सुमारास वैद्यकीय प्रतिमांच्या एका अमेरिकी सरकारी प्रकल्पासाठी रचायला घेतले. ‘लायब्ररी’ म्हणजे इथे आयत्या कोडची फाइल. ती शोधताना सीमेक अख्खी डिस्क धुंडाळत नाही. ठरलेल्या जागा ठरलेल्या क्रमाने पाहते. आधी वापरणाऱ्याने ‘सीमेक_प्रीफिक्स_पाथ’मध्ये सांगितलेल्या, मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधल्या आणि त्यानंतर ‘/यूएसआर/लोकल’, ‘/यूएसआर’ अशा यंत्रणेच्या. पहिली जुळणी मिळाली की शोध तिथेच थांबतो. म्हणून एकाच नावाच्या दोन लायब्ररी असल्या की नुसत्या नावावर भागत नाही, हे वर्धा जिल्ह्यात कुणाला सांगायला नको : वर्ध्याला लागून सिंदी (मेघे), नागपूरच्या वाटेवर सिंदी (रेल्वे).

सापडलेला पत्ता ‘सीमेककॅश.टीएक्सटी’ या फाइलीत लिहिला जातो आणि पुढच्या खेपेला न शोधता तोच उचलला जातो. शीर्षकातली सिंदी (रेल्वे)च्या विद्यार्थ्याची तक्रार यातूनच आली आहे. याला दोष म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण दुसरी खेप झटपट उरकते ती यामुळेच. ‘सापडली नाही’ हा निकाल मात्र कायमचा धरला जात नाही. दर खेपेला शोध नव्याने होतो. कॅश पुसून सुरुवात करणारा ‘--फ्रेश’ हा पर्याय २०२२ मधल्या ३.२४ आवृत्तीत आला. मूळ मजकुरातला या तक्रारीचा प्रसंग त्याआधीचा आहे.