सतरंजी, चौरंग आणि चौरंगी लढत

बोईसरमधल्या कुठल्याही सोसायटीतला सत्यनारायण डोळ्यांसमोर आणावा. खाली सतरंजी, तिच्यावर माणसं. समोर चौरंग, त्याच्यावर देव. निवडणूक जवळ आली असेल तर तीर्थप्रसाद घेऊन बाहेर पडलेली मंडळी जिन्यातच थबकतात आणि कुणीतरी म्हणतं, ‘यंदा चौरंगी होणार.’ बसायची सतरंजी, पूजेचा चौरंग आणि मतदारसंघातली चौरंगी लढत यांचं एकमेकांशी काही नातं असेल, अशी शंकाही कुणाला येत नाही. पहिल्या दोघांचं नातं तर सख्ख्या भावंडांचं आहे. तिसऱ्यावरून भाऊबंदकी आहे, आणि हा लेख मुख्यतः त्या भाऊबंदकीसाठीच आहे.

घराणं एकच, चतुरंगाचं. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगं, म्हणून सैन्य चतुरंग आणि त्या सैन्याचा पटावरचा खेळही चतुरंग. हा खेळ इराणात गेला तेव्हा त्याचा ‘चत्रंग’ झाला आणि अरबांकडे ‘शतरंज’. पुढे फारसी बोलणाऱ्यांबरोबर तो त्याच नावानं परत आला. एवढी कथा शाळकरी पोरांनाही ठाऊक असते.

कमी ठाऊक असतं ते पुढचं. शतरंजाच्या पटासारखी चौकड्यांची वीण असलेलं जाजम म्हणजे ‘शतरंजी’, आणि मराठीच्या तोंडात तिची झाली सतरंजी. सात रंगांची म्हणून सतरंजी, किंवा शंभर रंगांची म्हणून शतरंजी, या व्युत्पत्त्या घरोघरी ऐकू येतात. ऐकायला छान आहेत, पण त्या शब्दात ‘रंग’ कधी नव्हताच. शेवटचा ‘ज’ हा चतुरंगातल्या ‘ग’चा अरबी अवतार आहे. रंग शोधणाऱ्यांनी तो ‘ज’ कुठून आला हे सांगावं.

आता चौरंग. चतुर्दशचं चौदा झालं, चतुष्कचं चौक झालं, तसंच प्राकृतात चतुरंगाचं ‘चउरंग’ आणि मराठीत चौरंग. जैन आगमांतल्या राजांच्या सेना ‘चाउरंगिणी’च असतात. पाटाला पाय नसतात किंवा असून नसल्यासारखे. चौरंगाला चार पाय असतात, म्हणजे चार अंगं. त्याला रंग लावलाच पाहिजे असंही नाही, साधा सागवानी असला तरी तो चौरंगच. याहून भक्कम साक्ष जरा क्रूर आहे. हातपाय तोडण्याच्या शिक्षेला मराठीत चौरंग करणं म्हणतात. रांझ्याच्या पाटलाला शिवाजी महाराजांनी केलेली शिक्षा लोकांच्या तोंडी ‘चौरंगा केला’ अशीच राहिली आहे. नाथपंथातले हातपाय तुटलेले सिद्ध चौरंगीनाथ. मच्छिंद्रनाथांची भेट होताच सप्तशृंगीवर त्यांची अंगं पुन्हा धड झाली, याचा उल्लेख ज्ञानेश्वरीच्या शेवटी आहे, म्हणजे १२९० इतका जुना. इथे रंगाचा काय संबंध? चार अंगं, एवढंच.

मग ‘चौरंगी लढत’?

इथे तीन पक्ष आहेत, म्हणजे वादच तिरंगी आहे. पहिला पक्ष म्हणतो की सरळ चार रंग: चार झेंडे, चार चिन्हं, म्हणून चौरंगी. दुसरा पक्ष संस्कृताकडे बोट दाखवतो. रंग म्हणजे आखाडा, रंगमंच, तेव्हा चौघांचा आखाडा तो चौरंगी. तिसरा पक्ष प्रस्तुत लेखकाचा. इथला ‘र’ मुळात चतुर्‌मधला आहे. लोकांनी चौर-अंग असं न फोडता चौ-रंग असं फोडलं, आणि एकदा रंग वेगळा निघाल्यावर त्याच्यापुढे ति, पंच, बहु असं काहीही लावायला वाट मोकळी झाली. या मताला एक खोट आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. ‘दुरंगी’ हा शब्द दोन रंगांचा या अर्थानं उर्दू-हिंदीत जुना आणि स्वतंत्र आहे. त्याला चौरंगापोटी जन्मलेला म्हणणं म्हणजे मुलाला बापाचा बाप ठरवणं. तेव्हा लेखकाचा कयास असा: दुरंगी एका दारानं आला, चौरंगी दुसऱ्या, आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यात दोघे एका सतरंजीवर बसले.

पण मौज अशी की चार अंगं आणि चार रंग खरोखरच एका पटावर एकत्र आले होते. चौघांनी खेळायचं बुद्धिबळ होतं. सन १०३० च्या सुमारास अल बिरुनीनं ते नोंदवलं आणि सोळाव्या शतकात बंगालच्या रघुनंदनानं ‘तिथितत्त्व’ या ग्रंथात त्याचे नियम दिले. व्यास युधिष्ठिराला शिकवतात, अशी मांडणी. लाल, हिरवं, पिवळं, काळं अशी चार सैन्यं. प्रत्येकाकडे राजा, हत्ती, घोडा, नौका आणि चार प्यादी. कोणी काय हलवायचं ते फासा ठरवी: पाच पडले तर राजा किंवा प्यादं, चाराला हत्ती, तिनाला घोडा, दोनाला नौका. चौघांत दोन-दोन मित्र.

खरी गंमत मैत्रीच्या नियमांत आहे. आपला राजा दुसऱ्या राजाच्या मूळ घरात नेऊन बसवला की ‘सिंहासन’ मिळालं, आणि तिथे बसताना तो राजाही मारला तर पणाची रक्कम दुप्पट. हेच मित्राच्या घरात जाऊन करता येई! मित्राचं सिंहासन गाठलं की दोन्ही सैन्यं आपल्या हुकमाखाली. आपला राजा शाबूत ठेवून बाकीचे राजे मारले की ‘चतुराजी’. प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं की ‘षट्पद’, मग त्याला बढती. म्हणजे शत्रूवर नजर ठेवायची, फाशावर ठेवायची, आणि सगळ्यात जास्त मित्रावर.

या चौघांच्या खेळावर एकोणिसाव्या शतकात मोठं रण माजलं. कॅप्टन हायरम कॉक्सनं आणि नंतर १८६० मध्ये डंकन फोर्ब्झनं मांडलं की हाच मूळ खेळ, पाच हजार वर्षांचा. पुढे मित्र-मित्र एक झाले, दोन सैन्यांचं एक सैन्य झालं आणि एका राजाला पदावनती मिळून तो वजीर झाला. वजीर राजाला खेटून का उभा असतो, याचं इतकं देखणं उत्तर दुसऱ्या कुणी दिलेलं नाही. एच. जे. आर. मरे यानं १९१३ च्या आपल्या जाडजूड इतिहासात ते मोडीत काढलं. चतुरंगाचा उल्लेख सातव्या शतकात बाणभट्टाच्या हर्षचरितात मिळतो, चौघांच्या खेळाचा मात्र अल बिरुनीपूर्वी मिळत नाही. पुरावा मरेच्या बाजूनं आहे आणि लेखकालाही ते मान्य करावं लागतं, जरा नाइलाजानं.

मित्राच्या सिंहासनाचा डाव पालघरकरांना समजावून सांगायला नको. खासदार चिंतामण वनगा यांचं जानेवारी २०१८ मध्ये निधन झालं आणि मे महिन्यात पोटनिवडणूक लागली. वनगा भाजपचे, पण त्यांचे पुत्र श्रीनिवास शिवसेनेतर्फे उभे राहिले. काँग्रेसमधून आलेले राजेंद्र गावित भाजपतर्फे. शिवाय बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव, माकपचे किरण गहला आणि काँग्रेसचे दामू शिंगडा. म्हणजे लढत चौरंगीही नव्हे, पंचरंगी. गावित जिंकले. वर्षभरानं भाजप-शिवसेनेची युती झाली, पालघरची जागा शिवसेनेकडे गेली आणि जागेबरोबर गावितही. २०१९ मध्ये ते शिवसेनेचे खासदार झाले, आणि श्रीनिवास वनगा त्याच वर्षी पालघरचे आमदार. मित्राचं घर गाठलं, सैन्यासकट.

याच किनाऱ्यावर त्याआधीचा चौरंगी डाव १७३९ चा. पोर्तुगीज वसईत, इंग्रज मुंबईत, सिद्दी जंजिऱ्यात आणि चौथे चिमाजी अप्पा. चिमाजींनी तिघांशी एकदम भांडण काढलं नाही. सिद्दीशी १७३६ मध्येच तह उरकलेला होता. मग जानेवारी १७३९ मध्ये तारापूरचा किल्ला घेतला, तिथे मराठ्यांचे सरदार बाजी भिवराव पडले, आणि मे महिन्यात वसई. इंग्रज काठावर बसून राहिले आणि पोर्तुगीज बाहेर पडल्यावर, जुलैमध्ये, पेशव्यांशी व्यापाराचा तह करून मोकळे झाले. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, ही म्हण आपल्याकडे आहेच.

संगणकावर पाळीपाळीनं साम्राज्यं उभारणारी पोरं आज याच खोड्या करतात. तिघाचौघांच्या डावात जो आधी पुढे दिसतो त्याच्यावर बाकीचे तुटून पडतात, म्हणून मुरलेला खेळाडू दुसऱ्या क्रमांकावर गुपचूप राहतो. कोणी कासवासारखा तटबंदीत शिरतो. हरत चाललेला खेळाडू शेवटी कोणाला जिंकू द्यायचं ते ठरवतो. सिड मायरचा ‘सिव्हिलायझेशन’ १९९१ मध्ये आला तेव्हा एकट्यानंच खेळायचा होता, अनेकांसाठीची ‘सिव्हनेट’ आवृत्ती १९९५ ची. अशा खेळांना १९९३ मध्ये अॅलन एमरिच या समीक्षकानं नाव दिलं ‘फोर एक्स’: शोध, विस्तार, उपसा आणि संहार या अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांवरून. पुन्हा चार अंगं! त्याला चतुरंग आठवला असेल असं नाही, पण हिशेब बरोबर जुळला. एकाच संगणकापुढे आळीपाळीनं बसून खेळण्याला म्हणतात ‘हॉट सीट’. एकाची पाळी झाली की तो उठतो, दुसरा बसतो, आणि पहिल्यानं पडद्याकडे पाठ करायची. सिंहासन तेच, फक्त खुर्ची प्लॅस्टिकची.

मराठीनं मात्र या सगळ्यात एक विचित्र गोष्ट केली. शतरंज आणि चौरंग ही एकाच घराण्याची दोन नावं तिच्याजवळ होती. तरी दोन्ही तिनं घरातल्या सामानाला देऊन टाकली, आणि खेळाला म्हटलं बुद्धिबळ. राजकारणानं तेवढी सतरंजी परत मागून घेतली. पक्षासाठी वर्षानुवर्षं राबून तिकीट न मिळालेला आजही सांगतो की आम्ही नुसत्या सतरंज्या उचलल्या. त्याला ठाऊक नसतं की तो ज्या पटावरचं प्यादं आहे, तो पटच गुंडाळून खांद्यावर घेऊन निघाला आहे. षट्पदाचं घर अजून दोन घरं लांब असतं.