अंधारखोली, फोटोशॉप आणि बाबांचे क्रॉप

मागच्या दिवाळीत, पहिल्या आंघोळीच्या सकाळी मी डोंबिवलीच्या फडके रोडवर होतो. ज्यांनी तो माहोल पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. गणपती मंदिरापाशी पाय ठेवायला जागा नाही, नऊवारी, झब्बे, शाळेतले मित्र दहा वर्षांनी भेटतायत, आणि प्रत्येक घोळक्यात एक जण हातात फोन धरून उलटा चालतोय. माझ्या शेजारी एक मुलगा खरा कॅमेरा घेऊन उभा होता. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. माझ्या गळ्यातला कॅमेरा बघून म्हणाला, "दादा, एडिट कशात करता?"

मी म्हटलं, "सांगतो, पण जरा वेळ लागेल." तो हसला आणि गर्दीत गेला. बरोबरच आहे, दिवाळीच्या सकाळी कोण ऐकणार! म्हणून आज तुम्हाला ऐकवतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. फोटो "एडिट करणं" ही फोनची किंवा कॉम्प्युटरची देणगी नाही. आपल्याकडे फोटोग्राफी आली तेव्हापासून ते चालू आहे. मुंबईहून निघालेली रेल्वे १८५३ मध्ये ठाण्याला आली आणि १८५४ मध्ये कल्याणला. त्याच १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली. पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. थोड्याच वर्षांत स्टुडिओंमध्ये फोटोवर रंग भरायची पद्धत रुळली. फोटो काळा-पांढरा, पण शालूचा काठ सोनेरी, ओठ लाल. आजच्या भाषेत सांगायचं तर फिल्टर.

माझ्या लहानपणापर्यंत कल्याणच्या स्टुडिओंत रिटचिंग करणारा माणूस असायचा. त्याच्यासमोर तिरकं टेबल, मध्ये दुधी काच, काचेमागून उजेड. त्यावर निगेटिव्ह ठेवायची आणि टोकदार कडक पेन्सिलीने काम करायचं. गंमत बघा, चेहऱ्यावरची सुरकुती फोटोत काळी दिसते, म्हणजे निगेटिव्हवर ती पारदर्शक रेघ असते. त्या रेघेत पेन्सिलीचे बारीक ठिपके भरले की तिथून प्रकाश कमी जातो आणि फोटोत सुरकुती फिकी होते. चूक झाली तर अनडू नाही. आणि हे सगळं नखाएवढ्या चेहऱ्यावर! घरात कुणी गेलं आणि त्यांचा एकट्याचा फोटोच नसला की लग्नाच्या ग्रुप फोटोतून चेहरा उचलून मोठा करायचे, अंगावर कोट चढवायचे, डोक्यावर टोपी रंगवायचे. तुमच्या पणजोबांचा हार घातलेला फोटो घरात असेल तर एकदा नीट बघा. कोटाच्या गुंड्या जरा जास्तच सरळ रेषेत दिसतील.

हौशी लोकांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांची डार्करूम म्हणजे घरचं बाथरूम. रात्री सगळ्यांच्या आंघोळी-धुणी आटोपली की लाल बल्ब लावायचा, फळीवर एन्लार्जर, बादलीत पाणी. कागदावर प्रकाश पडत असताना तारेला चिकटवलेला पुठ्ठ्याचा तुकडा एखाद्या भागावर हलवत धरला की तेवढा भाग उजळ राहतो, याला डॉज म्हणतात. तळहाताच्या आडोशाने बाकीचं झाकून एकाच भागाला जास्त प्रकाश दिला की तो गडद होतो, हा बर्न. फोटोशॉपमध्ये आजही या दोन टूल्सची चिन्हं पाहा: एक दांडीवरचं गोल पान, दुसरा मुडपलेला हात. आपण रोज क्लिक करतो ती चित्रं त्या बाथरूममधली आहेत.

माझे बाबा हे करायचे. मग रंगीत फिल्म आली आणि बाबांचं बाथरूम सुटलं. रंगीत फिल्म धुवायला रसायन साधारण ३८ अंशांवर धरून ठेवावं लागतं, अर्धा अंश इकडेतिकडे झाला की रंग बिघडतो. घरी कोण करणार? रोल लॅबमध्ये द्यायचा आणि छत्तीस फोटोंचं पाकीट आणायचं. चेहरा किती गोरा आणि आकाश किती निळं, हे मशीनवर बसलेला मुलगा ठरवायचा. इतिहासात ह्या भागाबद्दल फारसं कुणी बोलत नाही, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. वीसेक वर्षं हौशी फोटोग्राफरच्या हातात फक्त शटर उरलं होतं. पुढचं सगळं दुसऱ्याचं.

ते परत हातात आलं ते कॉम्प्युटरमुळे. थॉमस नोल हा मिशिगन विद्यापीठातला पीएचडीचा विद्यार्थी. १९८७ मध्ये त्याने मॅकवर करड्या छटांचे फोटो दाखवणारा छोटा प्रोग्राम लिहिला. त्याचा भाऊ जॉन सिनेमाच्या स्पेशल इफेक्ट्सच्या कंपनीत होता, त्याने तो वाढवायला लावला. दोघांच्या वडिलांची घराच्या तळघरात डार्करूम होती, पोरं तिथेच शिकली. फेब्रुवारी १९९० मध्ये ॲडोबीने फोटोशॉपची पहिली आवृत्ती बाजारात आणली. १९९४ मध्ये लेयर आले. आणि २००२ मध्ये आवृत्ती ७, म्हणजे आपल्याकडची सगळ्यात लाडकी.

फोटोशॉप ७ ला ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या डीटीपीवाल्यांनी जितकं वापरलं तितकं कुणी वापरलं नसेल, असं माझं मत आहे. लग्नाचे अल्बम, नगरसेवकाच्या वाढदिवसाचे बॅनर, दहावीतल्या यशाचे फ्लेक्स, सगळं त्यावरच. नवीन आवृत्त्या आल्या तरी कित्येक दुकानांनी ते सोडलं नाही. एक कारण उघड आहे, जुना कॉम्प्युटर. दुसरं कारण आपलं आहे: मराठी. दुकानदारांकडे श्रीलिपी, आकृतीसारखे जुने फॉन्ट होते आणि ते त्यात नीट चालायचे. युनिकोड मराठी टाकलं की बरीच वर्षं अक्षरं मोडायची. "दिवाळी" लिहायला जावं तर पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटायची. जगातल्या कुठल्याच तुलनेच्या तक्त्यात हा मुद्दा नसायचा, पण आपल्याकडे दुकान कुठलं सॉफ्टवेअर ठेवणार हे एका वेलांटीवर ठरायचं.

आणि आता कबुली. ते आमच्याकडे आलं कसं? स्टेशनबाहेर मिळणाऱ्या सीडीवर, वर मार्करने "पीएस ७" लिहिलेलं. विकत घ्यायचं तर बाबांचा महिन्याचा पगार पुरला नसता. आम्ही चोरी केली, आणि आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी केली. आपण सॉफ्टवेअर "निवडलं" असं म्हणताना मला म्हणूनच जरा संकोच वाटतो. जे शेजाऱ्याकडे होतं, जे क्लासमध्ये शिकवत होते, तेच आपण वापरत होतो.

२६ जुलै २००५. त्या दिवशीच्या पावसाबद्दल बोलताना सगळे मुंबईबद्दल बोलतात. आम्ही कल्याणला वालधुनीजवळ तळमजल्यावर राहायचो. पाणी कपाटाच्या दुसऱ्या फळीपर्यंत चढलं. अल्बम खालच्या फळीवर होते. दोन दिवसांनी आई-बाबांच्या लग्नाचा अल्बम उघडला तेव्हा पानं एकमेकांना चिकटलेली. सोडवायला गेलो की फोटोवरचा थर समोरच्या पानावर जायचा. बाबांनी मला हात लावू दिला नाही. परातीत स्वच्छ पाणी घेऊन एकेक फोटो सोडवला, दोरीवर चिमट्याने वाळत घातला. बाथरूममधल्या डार्करूमनंतर पहिल्यांदाच आमच्या घरात असे फोटो टांगलेले मी पाहिले.

मग आम्ही ते स्कॅन केले आणि फोटोशॉप ७ मध्ये बसलो. त्या आवृत्तीत हीलिंग ब्रश नवा होता. क्लोन टूल एका जागेचा तुकडा जसाच्या तसा दुसरीकडे चिकटवतं. हीलिंग ब्रश पोत तिकडून घेतो, पण रंग आणि उजेड इथलाच ठेवतो, त्यामुळे ठिगळ दिसत नाही. आईच्या गालावरचा चिखलाचा डाग आम्ही तिच्याच दुसऱ्या गालाच्या कातडीने भरला. सहा महिने रविवारी हेच. पण एक चूक झाली. डिस्क वाचवायला मी प्रत्येक वेळी जेपेग म्हणून सेव्ह करायचो. जेपेग दर सेव्हला थोडी माहिती टाकून देतं आणि लेयर तर ठेवतच नाही. आज ते फोटो मोठे केले की आईच्या चेहऱ्याभोवती चौकोनी दाणे दिसतात. लेयरसकट पीएसडी ठेवल्या असत्या तर आज फुकटच्या गिम्पमध्येसुद्धा उघडल्या असत्या.

गिम्पचं नाव आलंच आहे तर सांगतो. बर्कलेचे दोन विद्यार्थी, स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस, यांनी १९९५ मध्ये ते सुरू केलं, कोड सगळ्यांना खुला. कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर सीडी मिळायच्या, त्यातून ते आमच्याकडे आलं होतं. मी उघडलं, तीन वेगवेगळ्या खिडक्या पडद्यावर पसरल्या, मी बंद केलं. सगळं एका खिडकीत बसवायची सोय २०१२ मध्ये आली. तोपर्यंत माझ्यासारखे किती जण परत गेले असतील!

२००८ मध्ये बाबा निवृत्त झाले आणि त्यांना पिकासा सापडलं. कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर, २००४ मध्ये गूगलने विकत घेऊन फुकट केलं. फोटोशॉपला घाबरणारे बाबा यात रमले. फोल्डर आपोआप दिसायचे, सरळ करायला एक पट्टी, क्रॉप, आणि "आय एम फीलिंग लकी" नावाचं बटण, दाबलं की फोटो उजळ. बाबा ते बटण दाबून मोठ्याने हसायचे. पण त्यांचं खरं काम क्रॉप. दुर्गाडीच्या नवरात्रातल्या जत्रेत त्यांनी आजीचा एक फोटो काढला होता, मागे पाळणे, फुगेवाले, अनोळखी माणसं. क्रॉप करून त्यांनी फक्त आजीचे हात ठेवले. बांगड्या आणि ओटीचं ताट, बस. दहा मिनिटं कडा इकडून तिकडे सरकवत बसले होते, मी मागे उभा राहून कंटाळलो होतो.

मार्च २०१६ मध्ये गूगलने डेस्कटॉपवरच्या पिकासाला पाठिंबा देणं थांबवलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि सगळ्यांचे फोटो फोनवर गेले. स्नॅपसीड तोवर फुकट मिळतच होतं. २०१७ मध्ये मी बाबांना नवा लॅपटॉप घेतला आणि जुन्यावरचे फोटो कॉपी केले. घाई होती. फोल्डर उघडायचा, जेपेग निवडायचे, टाकायचे. जुना लॅपटॉप भंगारात दिला.

पिकासा मूळ फोटोला हात लावत नाही. केलेले बदल प्रत्येक फोल्डरमधल्या एका लपलेल्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवतं: इथून कापा, इतकं फिरवा, इतकं उजळ करा. सेव्ह दाबलं तरच ते फोटोत उतरतात. बाबा सेव्ह दाबत नसत, त्यांना पडद्यावर दिसत होतं ना! ती लपलेली फाइल मी कॉपी केलीच नाही. बाबा २०२१ मध्ये गेले. तेराव्याला लावायला म्हणून मी आजीच्या हातांचा फोटो शोधला, तर समोर आख्खी जत्रा उभी.

मूळ फोटो सगळे शाबूत आहेत, हे खरं. गेलं ते बाबांचं बघणं.

तेव्हापासून मला कुणी विचारलं की कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, तर मी आधी हे बघायला सांगतो: माझे बदल कुठे लिहिले जातात, आणि हे बंद पडलं तर मला काय मिळतं? लाइटरूम २००७ मध्ये आलं, ते सगळं कॅटलॉगमध्ये ठेवतं. पण सेटिंगमध्ये एक्सएमपी लिहायची खूण केली तर बदलांची नोंद फोटोतच किंवा शेजारच्या फाइलमध्येही जाते. ती खूण करा. २०१३ पासून ॲडोबीने फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या फक्त भाड्याने द्यायला सुरुवात केली. भाडं थांबलं तर लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो दिसतात, बाहेर काढता येतात, पण नवं एडिट होत नाही. डार्कटेबल २००९ पासूनचं, फुकट आणि खुलं. शिकायला किचकट आहे, पहिला महिना शिव्या द्याल, पण ते न सांगता शेजारी एक्सएमपी ठेवतं. ॲफिनिटी २०२५ च्या ऑक्टोबरपासून कॅनव्हाने फुकट केलंय. चांगलं आहे, पण फुकट झालेलं काय होऊ शकतं ते आमच्या घराला माहीत आहे. फोनवरच काम असेल तर स्नॅपसीड पुरे, फक्त आवडलेल्या फोटोची पूर्ण आकाराची प्रत बाहेर काढून ठेवा.

मी स्वतः आता डार्कटेबल वापरतो. गेल्या पावसाळ्यात आजीचा फोटो त्यात उघडला आणि आठवून आठवून क्रॉप करायला लागलो. डावी कडा कुठे होती? ताट पूर्ण होतं की कापलेलं? जमेना. आई स्वयंपाकघरातून आली, बघितलं, काही न बोलता आत गेली आणि देव्हाऱ्याच्या खणातून एक पाकीट घेऊन आली. बाबांनी त्या फोटोची एकच प्रत लॅबमधून काढून आणली होती. म्हणजे एकदा तरी त्यांनी सेव्ह दाबलं होतं. कोपऱ्याला कुंकू लागलेलं. मी ती पडद्याच्या कडेला टेकवून ठेवली आणि रेघ सरकवायला लागलो. ताट डाव्या बाजूने थोडं कापलेलं होतं.