साखरेच्या भूमीचा कडू वारसा

ब्राझीलचा ईशान्य प्रांत एके काळी त्या वसाहतीचे वैभव होता. १५३४ ते १७३९ या काळात ज्यांची सत्ता वसईवर होती, त्याच पोर्तुगीजांनी १५४९ साली तेथे साल्वादोर नगर वसविले. १७६३ पर्यंत ते ब्राझीलची राजधानी होते. किनाऱ्यावरील उसाच्या मळ्यांतून साखरेची जहाजे युरोपकडे निघत. मात्र मळे मूठभर कुटुंबांचे आणि राबणारे हात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे.

१८५० च्या जमीन कायद्यानुसार सरकारी जमीन केवळ विकत घेणाऱ्यासच मिळू लागली. १८७७ ते १८७९ च्या भीषण दुष्काळाने अंतर्भागातील असंख्य कुटुंबे देशोधडीस लागली. १८८८ साली गुलामगिरी नष्ट झाली. परंतु मुक्त झालेल्यांच्या हाती ना जमीन आली, ना पाटी. दक्षिण ब्राझीलमध्ये मात्र १८२४ पासून आलेल्या जर्मन आणि पुढे इटालियन स्थलांतरितांना कसण्यापुरती लहान शेते मिळाली होती.

हा इतिहास आजही नकाशावर वाचता येतो. आयुर्मान, शिक्षण व उत्पन्न यांवरून मानवी विकासाचा निर्देशांक काढतात. १ हे त्याचे पूर्णमान. ब्राझीलमध्ये तो प्रत्येक पालिकेसाठी काढला जातो आणि तेथील पालिकेत शहराप्रमाणेच भोवतालची खेडीही येतात. २०१० च्या जनगणनेनुसार दक्षिणेतील सुमारे ६५ टक्के पालिका ‘उच्च’ गटात होत्या, तर ईशान्येतील ६१ टक्के ‘निम्न’ गटात. ईशान्येतही किनारा आणि अंतर्भाग यांत दरी आहेच. पेर्नांबुकु या एकाच राज्यात किनाऱ्यावरील रेसीफीचा निर्देशांक ०.७७२, तर दुष्काळी पट्ट्यातील मनारीचा अवघा ०.४८७ होता.

मग हे विधिलिखित म्हणावयाचे काय? नाही. १९९१ साली देशातील ८५ टक्क्यांहून अधिक पालिका ‘अतिनिम्न’ गटात होत्या. २०१० मध्ये अशा केवळ ३२ उरल्या. या काळात सर्वांत मोठी झेप शिक्षणाने घेतली. त्याचा निर्देशांक ०.२७९ वरून ०.६३७ वर गेला.

भूमीतून संपत्ती निघाली म्हणून तेथील माणसे संपन्न होत नाहीत. ती संपत्ती कोणाच्या दारी थांबते आणि त्या दारापलीकडच्या मुलाला शाळा मिळते की नाही, यावर पुढल्या कित्येक पिढ्यांचा नकाशा ठरत असतो.