वनस्पतींचे पेशीश्वसन आणि कमला भागवत यांचे केंब्रिजमधील संशोधन

‘श्वसन’ हा शब्द उच्चारताच सामान्य मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे येतो तो छातीचा भाता. शास्त्रीय परिभाषेत मात्र या शब्दाचा अर्थ फुप्फुसांतून पेशींत उतरला आहे. अन्नद्रव्यांचे टप्प्याटप्प्याने ऑक्सिडीकरण करून त्यांतील ऊर्जा एटीपी या संयुगाच्या रूपाने वापरण्याजोगी करणे, हेच पेशीचे श्वसन होय. शब्दाचा अर्थ असा विस्तारला की, ज्यांना छातीच नाही त्या वनस्पतीही श्वसन करतात असे म्हणता येते. परंतु वनस्पतींच्या पेशी प्राण्यांच्या पेशींप्रमाणेच श्वसन करतात काय, हा प्रश्न शब्दाच्या विस्ताराने सुटणारा नव्हता. तो प्रयोगानेच सुटावयाचा होता. आणि त्या कार्यात कमला भागवत (पुढे सोहोनी) या मराठी संशोधिकेचा वाटा आहे.

या प्रश्नाची पार्श्वभूमी अशी. १८८० नंतरच्या दशकात मॅकमन या वैद्याने प्राण्यांच्या स्नायूंत एक रंगद्रव्य वर्णपटदर्शकाने पाहिले होते. तथापि त्या काळी त्याचे म्हणणे मान्य झाले नाही. १९२५ साली केंब्रिज येथे डेव्हिड कीलिन यांस तेच द्रव्य प्राणी, यीस्ट व उच्च वनस्पती या सर्वांत आढळले. त्यांनी त्यास ‘सायटोक्रोम’, म्हणजे पेशीचा रंग, असे ग्रीक धातूंपासून घडविलेले नाव दिले. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन सायटोक्रोमांच्या साखळीतून हातोहात पुढे जातात व अखेरीस सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर ते ऑक्सिजनच्या स्वाधीन करते. त्यातून पाणी तयार होते.

वनस्पतींच्या बाबतीत या साखळीचे शेवटचे टोक संशयास्पद होते. चिरलेला बटाटा थोड्याच वेळात काळपट पडतो, हे प्रत्येक स्वयंपाकघरात दिसते. तो बदल ऑक्सिजनचा वापर करणाऱ्या एका वेगळ्याच विकरामुळे घडतो. वनस्पतींत अशी विकरे विपुल असल्याने, त्यांच्यापैकीच एखादे श्वसनाचा शेवटचा टप्पा पार पाडीत असावे, असा तर्क करण्यास जागा होती. रंगद्रव्य दिसले, एवढ्यावरून साखळी पूर्ण झाली असे म्हणता येत नव्हते.

कमला भागवत यांचा जन्म १९११ सालचा. वडील नारायणराव हे रसायनशास्त्रज्ञ, तर लेखिका व लोकसंस्कृतीच्या अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यावर १९३३ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांस स्त्री म्हणून प्रथम प्रवेश नाकारण्यात आला आणि नंतर अटींवर देण्यात आला. तेथे कडधान्ये व दूध यांतील प्रथिनांवर काम करून त्या केंब्रिजला गेल्या. तेथे रॉबिन हिल यांच्यासमवेत त्यांनी वनस्पतींच्या श्वसनाचा प्रश्न हाती घेतला. सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजविषयीचे या दोघांचे टिपण १९३९ साली ‘नेचर’मध्ये आले. त्याच वर्षी कमलाबाईंस केंब्रिजची पीएच. डी. मिळाली. या विषयावरील दोघांचा सविस्तर निबंध १९५१ साली प्रसिद्ध झाला.

येथे एका प्रचलित विधानाची छाननी करणे अगत्याचे आहे. कमलाबाईंनी वनस्पतींत ‘सायटोक्रोम सी’ शोधून काढले, असे चरित्रपर लेखांत वारंवार म्हटले जाते. वस्तुतः उच्च वनस्पतींत सायटोक्रोम असल्याचे कीलिन यांनी १९२५ सालीच नोंदविले होते. हिल व भागवत यांच्या कामाचे महत्त्व निराळे व अधिक नेमके आहे. सायटोक्रोमकडून इलेक्ट्रॉन घेऊन ते ऑक्सिजनला देणारे विकर वनस्पतींतही आहे, हे त्यांनी दाखविले. साखळीचे संशयित टोक त्यामुळे जागेवर आले. अतिशयोक्तीने येथे गौरव वाढत नाही; उलट ज्या प्रश्नाला उत्तर मिळाले, तो प्रश्नच झाकला जातो.

अर्थात या उत्तराने सारे संपले नाही. वनस्पतींत सायनाइडलाही न जुमानणारा एक पर्यायी ऑक्सिडेज असतो व त्या वाटेने एटीपी कमी मिळते, हे आज ज्ञात आहे. साखळीतून वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे तंतुकणिकेच्या पटलापलीकडे प्रोटॉन साठतात आणि त्यांच्या परतीच्या ओघावर एटीपी घडते, हा पीटर मिचेल यांचा सिद्धांत १९६१ साली मांडला गेला. त्यास १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. प्रोटॉन लोटण्याच्या या कार्यात सायटोक्रोम ऑक्सिडेजही सहभागी असते, हे नंतरच्या संशोधनाने स्पष्ट केले.

कमलाबाईंचे निधन १९९८ साली झाले. त्यांचे नाव निघताच बंगलोरच्या नकाराची कथा सांगितली जाते, आणि ती सांगितलीच पाहिजे. परंतु कथा दरवाजापाशीच थांबली, तर आत जाऊन त्यांनी काय केले ते अनुक्तच राहते. बटाट्याचे रोप आणि ते लावणारा शेतकरी यांच्या पेशींत ऊर्जानिर्मितीची मुख्य वाट एकच आहे, या आज सहज शिकविल्या जाणाऱ्या विधानामागे त्यांचेही श्रम आहेत. विज्ञानाच्या मराठी इतिहासाने त्यांची नोंद त्या श्रमांच्या नावे करावयास हवी.