वर्षातला सर्वात मोठा दिवस: २१ जून घरच्या घरी कसा साजरा कराल?

२१ जून उजाडला की 'आज वर्षातला सर्वात मोठा दिवस' असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. मेसेज पुढे पाठवला की विषय संपतो. खरं तर हा दिवस आपल्याच गच्चीवर आणि खिडकीत पाहता येतो, तोही एक पैसा खर्च न करता.

नेमकं काय घडतं?

पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. २१ जूनच्या सुमारास उत्तर गोलार्ध सूर्याकडे सर्वाधिक झुकलेला असतो आणि दुपारी सूर्य कर्कवृत्तावर बरोबर डोक्यावर येतो. हाच अयनदिन. मुंबईत या दिवशी सूर्योदय ते सूर्यास्त साधारण १३ तास १७ मिनिटं असतात, म्हणजे डिसेंबरमधल्या सर्वात लहान दिवसापेक्षा सुमारे सव्वादोन तास जास्त.

१. दुपारची सावली मोजा

एरवी वर्षातले बहुतेक महिने आपल्याकडे भरदुपारची सावली उत्तरेला पडते. पण संपूर्ण महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे २१ जूनला दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सावली चक्क दक्षिणेला पडते.

हे पाहण्यासाठी एक मीटर लांबीची सरळ काठी सपाट गच्चीवर उभी धरा. दोऱ्याला जड नट बांधून तो ओळंब्यासारखा सोडा आणि काठी सरळ आहे का ते तपासा. दुसऱ्याने दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण करायची. सर्वात आखूड सावली साधारण अशी मिळेल:

• नागपूर: दुपारी १२.१५ च्या सुमारास, ४ सेंमी
• मुंबई: १२.४० च्या सुमारास, ८ सेंमी
• पुणे: १२.३६ च्या सुमारास, ९ सेंमी
• पणजी: १२.३६ च्या सुमारास, १४ सेंमी

आभाळ भरून आलं तर? काळजी नको. या काळात सूर्याची जागा रोज अगदी थोडी बदलते. आठवडाभर आधी किंवा नंतर ऊन पडलं तरी मोजमापात फार तर काही मिलिमीटरचा फरक पडतो. फक्त सावलीकडे पाहायचं; सूर्याकडे थेट बघू नका, गॉगल लावूनही नाही.

२. परदेशातल्या नातेवाइकांना सामील करा

लंडनमध्ये कुणी असेल तर त्यांनाही तिथल्या दुपारी एकच्या सुमारास अशीच काठी उभी करायला सांगा. त्यांची सावली सुमारे ५३ सेंमी आणि उत्तरेला पडेल. एकाच दिवशी दोन गावांत सावलीत फरक पडतो, कारण पृथ्वी गोल आहे. सुमारे २,२०० वर्षांपूर्वी एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमधल्या दोन शहरांतला याच दिवसाचा फरक वापरून पृथ्वीच्या परिघाचा अंदाज बांधला होता.

३. एकाच खिडकीतून तीन फोटो

२१ जूनला सूर्य पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतो. मुंबईत सुमारे २५ अंश. उगवतीच्या दिशेला खिडकी असेल तर त्या क्षितिजाचा फोटो काढा. त्याच जागेवरून २३ सप्टेंबर आणि २२ डिसेंबरला पुन्हा काढा. तिन्ही फोटो शेजारी ठेवले की सूर्याचा उत्तरेकडून दक्षिणेकडे झालेला प्रवास दिसतो.

४. दिवे न लावता संध्याकाळ

सूर्यास्तानंतरही साधारण वीस-पंचवीस मिनिटं पुरेसा उजेड असतो. तेवढा वेळ घरातले दिवे आणि टीव्ही बंद ठेवून गॅलरीत बसा. सोबत जांभळं, फणसाचे गरे, हंगामातले शेवटचे आंबे. गोव्यात तीन दिवसांनी, २४ जूनला सांजांव असतो. डोक्यावर पानाफुलांचा कोपेल घालून विहिरीत उड्या मारण्याचा हा सण युरोपात याच मोठ्या दिवसांशी जोडला गेला आहे.

दोन गैरसमज

सर्वात मोठा दिवस म्हणजे सर्वात लवकर सूर्योदय, असं नाही. मुंबईत सर्वात लवकर सूर्योदय जूनच्या सुरुवातीला आणि सर्वात उशिरा सूर्यास्त जुलैच्या सुरुवातीला होतो. तसंच हा सर्वात उष्ण दिवसही नसतो. आपल्याकडे कडक उन्हाळा एप्रिल-मेमध्ये असतो आणि जूनमध्ये ढग व पावसामुळे तापमान उतरतं.

गच्चीवर खडूने केलेली खूण पहिल्याच सरीत वाहून जाईल. म्हणून तारीख, वेळ आणि सावलीची लांबी वहीत लिहून ठेवा. २२ डिसेंबरला तीच काठी त्याच जागी पुन्हा उभी करा. मुंबईत तेव्हा तिची सावली सुमारे ९० सेंमी असेल, आणि ती उत्तरेला पडेल.